आकाशवाणीच्या सुरावटीचा धनी

सकाळचा कार्यक्रम सुरू होण्यापूर्वीं आकाशवाणीवर तंबोऱ्याच्या झंकारावर तरळणारी जी सुरावट वाजत असे, ती आमच्या औंढ्यांत पुष्कळ घरीं घड्याळाचें काम करी. शिवरंजनीच्या छायेंतील ती सुरावट बहुतेक वाचकांच्या कानांत अद्यापि असेल. परंतु तिचा कर्ता म्हणून ज्याचें नांव सांगतात तो वॉल्टर कॉफमन कोण, हें फारच थोड्यांस ठाऊक असतें.

बोहेमियांतील कार्ल्सबाद येथें १९०७ सालीं जन्मलेला हा ज्यू वंशाचा संगीतकार. प्राग येथील विद्यापीठांत त्यानें अभ्यास पुरा केला. पण आपले मार्गदर्शक अध्यापक नाझी पंथाचे आहेत असें कळतांच पदवी घेण्याचें नाकारलें. (पदव्यांच्या मागें धांवणाऱ्या मुलांस ही गोष्ट अवश्य सांगावी.) १९३४ सालीं तो मुंबईस आला. आपलें गायन प्रथम त्याला मुळींच रुचलें नाहीं. तथापि ज्या संगीतावर कोट्यवधि माणसें प्रेम करतात त्यांत दोष नसून तो आपल्याच कानांत असला पाहिजे, असा विचार करून तो राहिला आणि शिकला. झुबिन मेहतांचे वडील मेहली मेहता इत्यादि सहकाऱ्यांसह त्यानें 'बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी' स्थापिली, १९३७ पासून १९४६ पर्यंत आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळला, आणि या अवधींत आमच्या रागांची छटा युरोपीय स्वररचनेंत उतरवून पुष्कळ नवें लेखन केलें.

लेखन हा शब्द मुद्दामच योजला आहे. आपल्याकडे ख्याल गातां गातां घडतो. युरोपीय अभिजात संगीतांत मात्र रचनाकार प्रत्येक वाद्याचा प्रत्येक स्वर कागदावर मांडतो, आणि वादक मिळेपर्यंत ती कृति मुकी असते. बीथोव्हेनला वादक मिळतात, कारण तिकिटें खपतात. अपरिचित नव्या रचनेसाठीं चौघांनीं आठवडेच्या आठवडे तालीम करावी आणि ऐकावयास पन्नास माणसें यावींत, हा व्यवहार कोणत्या नाट्यगृहास परवडेल? म्हणून दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेंत या संगीतानें विद्यापीठांचा आश्रय घेतला. कोलंबिया विद्यापीठांत १९६२ सालीं आणि शिकागो विद्यापीठांत १९६४ सालीं समकालीन रचना वाजविण्यासाठींच मंडळ्या निघाल्या.

कॉफमन स्वतः कॅनडामार्गें १९५७ सालीं अमेरिकेंतील इंडियाना विद्यापीठांत अध्यापक झाला. उत्तर हिंदुस्थानी रागांवरील त्याचा ग्रंथ १९६८ सालीं निघाला व पंडित म्हणून त्याचा लौकिक झाला. मुंबईंतील रचना मात्र कपाटांत राहिल्या. १९८४ सालीं तो वारला.

त्या रचनांस वाचा फुटली ती टोरांटोस. तेथील रॉयल कॉन्झर्व्हेटरी १८८६ सालची, म्हणजे सयाजीराव महाराजांनीं मौलाबक्षांकडून बडोद्यास संगीतशाळा उघडविली त्याच वर्षाची. कित्येक दशकें ती टोरांटो विद्यापीठाच्या छत्राखालीं होती. तिच्या अध्यापकांची 'ए. आर. सी. एन्सेंबल' ही मंडळी परागंदा व्हावें लागलेल्या रचनाकारांच्या कृति हुडकून वाजविते. २०२० सालीं तिनें कॉफमनचीं सातवें व अकरावें चतुष्टक आणि आणखी कांहीं रचना ध्वनिमुद्रित करून प्रसिद्ध केल्या.

चतुष्टक म्हणजे दोन व्हायोलिनें, एक व्हायोला आणि एक चेलो यांचा संवाद. असें मिळून वाजविणें आपणांस परकें आहे असें कोणी समजूं नये. देवगिरीस सिंघण यादवाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवानें 'संगीतरत्नाकरां'त वृंदाचें लक्षण सांगतांना उत्तम वृंदास ४ मुख्य गायक, ८ समगायक, १२ गायिका, ४ बांसरीवाले व ४ मृदंगी, असे एकूण ३२ कलावंत नेमून दिले आहेत. त्यांना तनखा कोण देई? अर्थात् राजा. राजे गेले, त्यांची ती जबाबदारी आमच्या विद्यापीठांनीं उचलावी, असें मला आग्रहानें वाटतें. परीक्षा घेऊन प्रमाणपत्रें वांटण्यानें वृंद तयार होत नाहीं.

आमच्या शेजारच्या भाज्याच्या लेण्यांत एक स्त्री चर्मवाद्य वाजवीत आहे व दुसरी नाचत आहे. दोन हजार वर्षांपूर्वींची ती मूर्ति पाहतांना नेहमीं मनांत येतें, वाद्य दगडांत राहिलें, बोल गेले. कॉफमनचे बोल निदान कागदावर होते.

परवां नातवानें तें अकरावें चतुष्टक घरीं लावलें. धाकटी सून पोळ्या लाटीत होती, ती हात थांबवून म्हणाली, "मामंजी, हें आपलें कीं त्यांचें?" मी म्हटलें, "लिहिलें मुंबईस, वाजविलें टोरांटोस." तिनें पोळी तव्यावर टाकली आणि नातवास आवाज मोठा करावयास सांगितलें.