‘ओरिजनल ड्रेस’ नावाची भानगड

सुरतच्या गोडादऱ्यात कुणी घरच्या घरी सीता, द्रौपदी किंवा कर्ण होऊन मोबाइलवर स्वतःचे फोटो काढायचा बेत केला, की घरातून पहिला प्रश्न येतो: “अगं, पण ओरिजनल ड्रेस कुठून आणशील?” मग एखादी मावशी ड्रेसवाल्याचं दुकान सुचवते, भाडं सांगते, वर डिपॉझिट सांगते, आणि बेत तिथेच बारगळतो. हा संवाद ऐकून ऐकून आता कान किटले आहेत. ज्या वस्तीत दुपारच्या वेळी बायका दारात बसून साड्यांना लेस लावतात, टिकल्या चिकटवतात, तिथे फोटो अडावा तो कपड्यावाचून?

तर एकदाच सांगून टाकू. पुराणातला ‘ओरिजनल ड्रेस’ नावाची वस्तू कुठल्याही दुकानात नाही, कारण ती कधी नव्हतीच.

लोकांच्या डोळ्यांसमोर असतो तो टीव्हीवरचा पोशाख. रामानंद सागरांचं ‘रामायण’ दूरदर्शनवर जानेवारी १९८७ ते जुलै १९८८ या काळात दाखवलं गेलं आणि त्याचं चित्रीकरण झालं आपल्या जवळच्या वलसाड जिल्ह्यात, उंबरगावच्या स्टुडिओत. म्हणजे ज्याला आपण त्रेतायुगातलं समजतो ते सुरत-मुंबई लोहमार्गावरचं आहे, आणि त्याला अजून अर्धशतकही झालेलं नाही.

“बरं, मग देवघरातल्या तसबिरीतली लक्ष्मी?” ती राजा रविवर्म्याची. त्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि तिथून रंगीत देव घरोघर पोहोचले. काठापदराची साडी, बाह्यांची चोळी, कमळावर उभी लक्ष्मी हे रूप पक्कं झालं ते या छापील चित्रांमुळे. चित्र सुंदरच आहे, पण त्यातली साडी नेसण्याची तऱ्हा चित्रकाराच्या काळातली आहे.

आणखी मागे जायचं तर जळगावला जाऊन अजिंठा गाठा. गोडादऱ्यातल्या कितीतरी घरांचं माहेर तिकडेच आहे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी पाचव्या शतकातला मानला जातो. तो बोधिसत्त्व आहे, पुराणातला देव नव्हे. पण त्या काळच्या चित्रकाराने राजस रूप कसं कल्पिलं ते त्यात दिसतं. डोक्यावर नक्षीदार मुकुट, गळ्यात मोती, कमरेला पट्ट्यापट्ट्यांचं वस्त्र आणि वरचं अंग उघडं. शिवलेला मखमली अंगरखा नाही की खांद्याला सोनेरी झालरी नाहीत. शिवलेले कपडे तेव्हा ठाऊकच नव्हते असं नाही. अजिंठ्यातच काही सेवकांच्या अंगावर ते दिसतात. राजस व्यक्तींच्या अंगावर मात्र बहुतेक न शिवलेलं कापड आणि भरपूर दागिने.

राहता राहिले ग्रंथ. ते कापड आणि रंग सांगतात: कृष्णाचं पिवळं, बलरामाचं निळं, वनवासात वल्कल. शिलाई, कट, अस्तर यांबद्दल ते गप्प आहेत. उलट वाल्मीकींच्या अयोध्याकांडात एक प्रसंग आहे. कैकेयी वनवासासाठी वल्कलं आणून देते. राम-लक्ष्मण ती नेसतात. सीतेला मात्र नेसताच येत नाहीत. एक तुकडा गळ्याशी, दुसरा हातात धरून ती लाजून उभी राहते. शेवटी राम पुढे होतो आणि तिच्या अंगावरच्या रेशमी वस्त्रावरूनच ते वल्कल बांधून देतो. खुद्द सीतेने घरच्या साडीवरून वनवास बांधला, आणि आपण भाड्याच्या ड्रेससाठी अडून बसतो!

कुणी म्हणेल, घरगुती सामानात ती भव्यता कशी यायची? त्यांनी फाळके आठवावेत. दादासाहेबांनी उमेदीत गोध्र्याला फोटोचा स्टुडिओ थाटला होता, पुढे रविवर्म्याच्या छापखान्यासाठीही काम केलं, आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. तारामती झाले अण्णा साळुंके, जे आधी एका उपाहारगृहात आचारी होते. सरस्वतीबाई फाळके युनिटचा स्वयंपाक करत आणि चित्रीकरणात उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहत, म्हणजे उजेड उलटून नटांच्या चेहऱ्यावर पडावा. १९१७ च्या ‘लंकादहना’त तर राम आणि सीता दोन्ही साळुंकेच. १९१९ च्या ‘कालियामर्दना’त कृष्ण झाली फाळक्यांची लेक मंदाकिनी. आपल्याकडचा पौराणिक सिनेमा उभा राहिला तो घरच्या माणसांवर.

ती चादर तुमच्याही घरात आहे. खिडकीला एक खांदा करून उभं राहा, दुसऱ्या बाजूला खुर्चीच्या पाठीवर चादर टाका. चेहऱ्याच्या काळोख्या बाजूला उजेड येतो. ट्यूबलाइट बंद करा, नाहीतर खिडकीचा उजेड आणि ट्यूबचा उजेड यांचे रंग एकमेकांत भांडतात. मागे गडद बेडशीट लावा आणि तिच्यापासून जमेल तेवढं पुढे या. मागचा काळोख दाटला की खोली दहा बाय दहाची आहे हे कुणाला कळत नाही.

मुकुटासाठी साडीच्या रिकाम्या बॉक्सचा पुठ्ठा पुरतो. डोक्याच्या घेरापेक्षा दोन बोटं लांब पट्टी कापायची, पुढचा भाग उंच ठेवायचा, कडेने लेस चिकटवायची. लेस खऱ्या जरीची हवी हा आणखी एक हट्ट. खरी जर म्हणजे चांदीची तार, वर सोन्याचा मुलामा. बाजारातली स्वस्त लेस असते धातूचा पातळ थर चढवलेल्या प्लास्टिकची. फोटोत दोन्हींत फरक ओळखणारा डोळा विरळा. मात्र स्वस्त जर टॉर्चच्या थेट उजेडात पांढरीफटक दिसते. खिडकीच्या पसरट उजेडात तीच सोन्यासारखी दिसते. उरलेल्या पैशांचा वडापाव खा.

आता बाकीचे गैरसमज, झटपट.

“कृष्णासाठी अंगभर निळा रंग लावला तर कातडी गुदमरून माणूस मरतो.” नाही. आपण श्वास फुफ्फुसांनी घेतो. कातडीचा अगदी वरचा, अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ थर हवेतून ऑक्सिजन घेतो, हे २००२ च्या एका जर्मन संशोधनात दिसलं. पण शरीराच्या एकूण गरजेत त्याचा वाटा नगण्य. धोका वेगळाच आहे: घाम अडून अंग तापतं, आणि चुकीचा रंग अंगाला बाधतो. १९३९ च्या ‘विझार्ड ऑफ ऑझ’साठी बडी एब्सन या नटाला अ‍ॅल्युमिनियमची भुकटी फासली, ती श्वासातून आत गेली आणि त्याला इस्पितळात न्यावं लागलं. त्यामुळे भिंतीचा, कापडाचा किंवा गणपतीच्या मूर्तीचा रंग चेहऱ्यावर नको, चमकी फुंकून उडवणं नको. चेहऱ्यासाठी बनवलेलाच रंग घ्या आणि आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहा.

“सिंथेटिक साडी पेटत नाही, नुसती वितळते.” हे ऐकलं की अंगावर काटा येतो, कारण आपल्या घरांतलं बहुतेक कापड पॉलिएस्टरच आहे. ते पेटतंही आणि वितळतंही. वितळलेला गोळा कातडीला चिकटतो आणि भाजणं आणखी खोल जातं. हातात पेटती पणती घेऊन पदर सोडलेला फोटो एकट्याने काढू नका. बॅटरीची पणती मिळते.

“भारी कॅमेरा हवा.” मोबाइलचा मागचा कॅमेरा वापरा, दहा सेकंदांचा टायमर लावा, फोन डब्याला टेकवा. बस्स.

“चार हात दाखवायला मोठं सॉफ्टवेअर लागतं.” फोन तसूभर न हलवता, फोकस आणि उजेड लॉक करून दोन फोटो काढा, दुसऱ्यात फक्त हात बदला. ते जोडायला फोटो एकावर एक ठेवता येणारं कुठलंही मोफत अ‍ॅप चालतं.

“सेल्फी उलटी आली तर काय बिघडतं?” विष्णूच्या बाबतीत नाव बिघडतं. शंख, चक्र, गदा, पद्म चार हातांत मांडण्याच्या चोवीस तऱ्हा होतात आणि प्रत्येकीला केशव, नारायण, माधव असं वेगळं नाव आहे. आरशासारखा उलटा फोटो म्हणजे वेगळीच मूर्ती.

“स्वतःच देवाचं सोंग घेऊन स्वतःचाच फोटो काढायचा, हे परदेशी फॅड आहे.” कॉस्प्ले हा शब्द जपानातून आला, कबूल. पण बहुरूपी आपला, डांग-नाशिककडचा मुखवट्यांचा भवाडा आपला, गणेशोत्सवातले सजीव देखावेही आपलेच. आणि बंगळुरूच्या कलावंत पुष्पमाला एन. यांनी २००० नंतरच्या एका गाजलेल्या छायाचित्रमालिकेत रविवर्म्याची लक्ष्मी होऊन स्वतःला फोटोत उभं केलं. त्यांचे फोटो कलादालनांत लागतात. तुमचा घरच्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लागेल, आणि तिथे कुणीतरी ‘ओरिजनल नाही वाटत’ म्हणेलच. त्यांना एवढंच विचारा: ओरिजनल म्हणजे पाचव्या शतकातलं, १८९४ चं की १९८७ चं?