विरळ वस्ती आणि ब्रॉडबँडचा खर्च

२०११ च्या जनगणनेनुसार मुंबई उपनगर जिल्ह्यात दर चौरस किलोमीटरला सुमारे २१ हजार, तर गडचिरोली जिल्ह्यात अवघे ७४ लोक राहत होते. ब्रॉडबँडच्या खर्चाचे मर्म या तफावतीत आहे. केबल जमिनीखालून नेताना मोठा खर्च केबलपेक्षा चर खोदण्यावर होतो आणि तो घरांच्या संख्येनुसार नव्हे, तर अंतरानुसार वाढतो. एक किलोमीटर चराचा खर्च शंभर घरांऐवजी पाचच घरांत विभागला, तर प्रत्येकाचा वाटा वीसपट होतो. ग्राहकाकडून मिळणारे मासिक शुल्क मात्र त्या प्रमाणात वाढविता येत नाही. साहजिकच विखुरलेल्या टोल्या-पाड्यांपर्यंत खाजगी कंपन्या सहसा आपणहून जात नाहीत.

ही उणीव दूर करण्यासाठी केंद्र शासनाने २०११ मध्ये सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती जोडण्याची योजना मंजूर केली. तीच पुढे ‘भारतनेट’ या नावाने ओळखली जाऊ लागली. दूरसंचार कंपन्यांच्या महसुलावरील आकारणीतून उभारलेला निधी तिच्यासाठी वापरला जातो. म्हणजेच दाट वस्तीतील उत्पन्नाचा काही अंश विरळ वस्तीच्या कामी येतो. विजेच्या खांबांवरून केबल नेल्यास खोदाईही वाचते.