मुलांच्या हाताला माती लागू द्या

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. शेजारची चार वर्षांची छोकरी अंगणात उकिडवी बसून एका गांडुळाकडे टक लावून पाहत होती. ते लांब होई, आखडे, पुन्हा लांब होई. तिने हळूच बोट पुढे केले, तोच माडीवरून आईचा आवाज आला, “शी! घाण आहे ती! आधी वर ये पाहू!” मुलगी वर गेली. हात साबणाने धुतले गेले आणि त्या स्वच्छ हातांत मोबाइल आला.

आईला दोष देऊन काय उपयोग? आजारपणाची धास्ती कोणत्या आईला नसते? पण त्या एका ‘शी’ने मुलीचे काय गेले, याचा आपण थोडा विचार करू या.

तीन ते सहा वर्षांचे मूल हातांनी, डोळ्यांनी आणि नाकाने शिकते. ‘ओले’, ‘खरखरीत’, ‘जड’ हे शब्द तुम्ही त्याला दहा वेळा सांगा. भिजलेली माती, बाभळीची साल आणि ओढ्यातला गोटा हातात आल्यावाचून त्या शब्दांत जीव यायचा नाही. शिवाय अशा वस्तू मुलाला प्रश्न विचारायला लावतात. ‘याचे डोळे कुठे आहेत?’ हा प्रश्न त्या मुलीच्या ओठांवर आलाच असता. आणि जो प्रश्न आपला आपण सुचतो, त्याचे उत्तर जन्मभर विसरत नाही.

हे ओळखणारी माणसे आपल्याकडे होऊन गेली आहेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण भागातील मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि १९५७ मध्ये ते डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर नेले. माँटेसरी पद्धतीची लाकडी साधने महाग. खेड्याला ती परवडणार कशी? मग बिया, शिंपले, खडे, पाने हीच साधने झाली. आदिवासी मुले शाळेत येईनात, कारण घरी धाकटे भावंड सांभाळायचे असे, नाहीतर गुरांमागे जायचे असे. तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली, ती अंगणवाडी. आणि गुराख्यांमागे कुरणात गेली, ती कुरणशाळा. निसर्ग ही श्रीमंतांची चैन नव्हे, बरं का! गरिबाच्या मुलाचे ते पहिले पुस्तक आहे.

आता शरीराचे पाहा. चीनमधल्या ग्वांगझो शहरात पहिलीतल्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटे जादा मोकळ्या हवेत नेण्यात आले. तीन वर्षांनी त्यांच्यात शंभरांतल्या सुमारे ३० जणांना लांबचे अंधुक दिसू लागले होते. ज्यांना असे नेले नव्हते, त्यांच्यात हाच आकडा सुमारे ३९ होता. ही पाहणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. फिनलंडमध्ये काही बालवाड्यांच्या अंगणात जंगलातली माती व झाडोरा आणून घातला. अवघ्या २८ दिवसांत मुलांच्या त्वचेवरचे निरुपद्रवी जंतू विविध झाले आणि रोगप्रतिकारशक्ती चांगली सावरत असल्याची चिन्हे रक्तात दिसली. ही हकीकत २०२० सालची. म्हणजे माती सर्वस्वी शत्रू नव्हे.

तुम्ही म्हणाल, “आम्ही चाळीत, फ्लॅटमध्ये राहणारे. आम्हाला कुठले कुरण?” खरे आहे. पण फुटक्या बादलीत मेथी पेरता येईल की नाही? चार-पाच दिवसांत अंकुर वर येतात. मुलाला धीर धरायला शिकवणारा याहून चांगला गुरू नाही. खिडकीत पाण्याची वाटी ठेवा आणि कोणकोणती पाखरे येतात, ते त्यालाच मोजू द्या. रस्त्यातले एकच झाड ‘आपले’ म्हणून ठरवा आणि दर आठवड्याला त्याला भेटून या. चिंचोके मोजायला द्या, मात्र अगदी लहानग्याच्या तोंडात जाणार नाहीत, इकडे डोळा असू द्या. गुंज, एरंडी, कण्हेर यांच्या बिया विषारी; त्या मुळीच हाताशी ठेवू नका. पावसाळ्यात दगड उचलण्यापूर्वी स्वतः पाहा, उघड्यावर शौच होते तिथली माती टाळा, नखे कापलेली असू द्यात आणि खेळून आल्यावर हात साबणाने धुवा. एवढी काळजी घेतली की भीतीचे कारण उरत नाही.

एक गोष्ट मात्र विकत मिळत नाही, ती म्हणजे आपला वेळ. पुढच्या पावसात मूल गांडुळापाशी बसले, तर ‘शी’ म्हणण्याआधी क्षणभर थांबा. जमले तर शेजारी बसा. त्याला डोळे नसतात, तरी उजेड पडला की ते अंधाराकडे वळते, हे दोघांनी मिळून पाहा. हात काय, नंतर धुता येतील. गेलेले कुतूहल मात्र परत आणणे फार कठीण.