मोडल्यावर रेकॉर्ड निघालेला बँड

ॲटॉमिक फॉरेस्ट हा १९७०च्या दशकातला मुंबईचा रॉक बँड. बेस गिटारवर कीथ कांगा, गिटारवर नील चट्टोपाध्याय, ड्रमवर व्हॅलेंटाइन लोबो आणि गायला मधुकर चंद्रदास. लांबलचक वादन, मध्येच बदलणारा ठेका आणि तीन मिनिटांत संपायला नकार देणारी रचना ही प्रोग्रेसिव्ह रॉकची खूण. ॲटॉमिक फॉरेस्टचा ओढा मात्र त्याच्या सख्ख्या भावाकडे, गुंगवणाऱ्या, स्वप्नवत नादाच्या सायकेडेलिक रॉककडे, जास्त होता.

या मंडळींना हवा मिळाली ती त्या वेळच्या मुंबईत आणि तिच्या आसपास. १९७१ साली मळवलीला, लोणावळ्याजवळ, 'स्नेहयात्रा' हा उघड्या मैदानावरचा रॉक मेळा भरला. पुढच्याच वर्षी ब्रिटिश रॉक बँड लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट कुलाब्याच्या स्लिप डिस्क क्लबात वाजवून गेले. १९७४ मध्ये नाट्यदिग्दर्शक ॲलेक पदमसींनी 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार' हे रॉक संगीतनाटक रंगमंचावर आणलं. त्यात येशू झाला चंद्रदास आणि ज्यूडास झाला नंदू भेंडे, म्हणजे मराठी रंगभूमीवरचे आत्माराम भेंडे यांचा मुलगा. रॉकवाल्यांना नाटकाचा मोठा प्रेक्षक मिळाला तो असा.

पोटाचा प्रश्न मात्र सुटत नव्हता. आयातीवरच्या निर्बंधांमुळे चांगली गिटार आणि ॲम्प्लिफायर दुर्मिळ, आणि इंग्रजी गाण्यांचा श्रोता मोठ्या शहरांपुरता. जळगाव-धुळ्याच्या वाचकाला हे तमाशाच्या फडावरून चटकन समजेल. सुपाऱ्या आटल्या की फडातली माणसं पांगतात. फरक एवढाच की फडाला पुढच्या हंगामात जत्रा असतात. रॉक बँडला तसं गाव नव्हतं. त्यातच दशक सरताना डिस्को आला. नाचायला तबकडी पुरेशी झाल्यावर चार-पाच वादक कोण पोसणार?

बँडची एकुलती एक रेकॉर्ड, 'ऑब्सेशन ७७', बाजारात आली १९८१ साली. नावात ७७, आणि निघेपर्यंत बँडच उरला नव्हता. तिच्यात जिमी हेंड्रिक्सच्या 'फॉक्सी लेडी'सारखी दुसऱ्यांची गाणी आहेत. शीर्षकाची धून मात्र दोनदा येते, एकदा जलद आणि एकदा संथ. एकच चीज दोन लयींत ऐकायची सवय असलेल्या कानांना ही जोडी लगेच आवडावी. बँडची स्वतःची ओळखही तिथेच सापडते, उसन्या गाण्यांत नाही.

'सुपरस्टार'मधला ज्यूडास, नंदू भेंडे, पुढे मराठीत रमला. पु. ल. देशपांडे यांचं 'तीन पैशाचा तमाशा' १९७८ मध्ये जब्बार पटेल यांनी बसवलं, तेव्हा त्याच्या संगीतात आनंद मोडक आणि भास्कर चंदावरकर यांच्याबरोबर त्याचाही वाटा होता. रॉकचा बाज मराठी रंगभूमीवर असा शिरला. २०१४ मध्ये तो गेला.

'ऑब्सेशन ७७' तोवर जुन्या तबकड्या हुडकणाऱ्या परदेशी शौकिनांच्या हाती लागली होती. २०११ साली लॉस एंजेलिसच्या नाऊ-अगेन कंपनीने ती नव्याने काढली.