पारपटलाचे हट्टी व्रण आणि जैविक औषधे : एक मागोवा

ढोकीसारख्या उसाच्या पट्ट्यात पारपटलाचा, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा, व्रण बहुधा पात्याची दातेरी कड किंवा कुसळ लागून आणि त्या जखमेत बुरशी वा जिवाणू शिरून होतो. परंतु काही व्रण जंतूंचे नसतातच, तर प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटल्याने होतात, आणि गेल्या पाव शतकात उपचारांत खरा पालट झाला तो या दुसऱ्या प्रकारात.

जर्मन नेत्रवैद्य आल्बर्ट मूरेन यांच्या नावाने ओळखला जाणारा व्रण भारतात पाश्चात्त्य देशांपेक्षा अधिक आढळतो. त्यात पारपटलाच्या काठाशी चंद्रकोरीसारखी खाच पडते, तिची मध्याकडची कड खालून पोखरलेली असते आणि वेदना जखमेच्या मानाने फारच तीव्र असतात. ऱ्हुमॅटॉइड संधिवातातही काठाचा व्रण होतो. तेथे जमलेल्या पांढऱ्या पेशींतून स्रवणारी विकरे पडद्यातील कोलॅजन विरघळवतात आणि अखेर भोक पडते. स्टिरॉइड, काठालगतचे नेत्रावरण कापून काढणे आणि सायक्लोफॉस्फमाइड हीच दीर्घकाळ साधने होती. १९८४ मध्ये स्टीफन फॉस्टर व सहकाऱ्यांनी दाखवून दिले की संधिवाताच्या अशा रुग्णांत प्रतिकारशक्ती दडपणारे उपचार डोळ्याबरोबर जीवही वाचवतात, कारण हा व्रण पुष्कळदा साऱ्या शरीरातील रक्तवाहिन्यांच्या दाहाची खूण असतो.

सजीव पेशींत तयार होणारी आणि दाहाच्या साखळीतील नेमका एक दुवा अडवणारी प्रथिने म्हणजे जैविक औषधे. ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर या दाहकारी रेणूला बांधणारे इन्फ्लिक्सिमॅब अमेरिकेत १९९८ मध्ये आतड्याच्या विकारासाठी, तर अडॅलिमुमॅब २००२ मध्ये संधिवातासाठी संमत झाले. बी-पेशी नष्ट करणारे रिटक्सिमॅब त्याआधीच कर्करोगासाठी आले होते. नेत्रतज्ज्ञांनी ती हट्टी व्रणांसाठी उसनी घेतली. रुग्ण विरळ असल्याने पुरावा मुख्यतः रुग्णवृत्तांतांचाच राहिला, तरी इतर सर्व उपायांनंतरही वितळत चाललेली पारपटले त्यांनी सावरल्याच्या नोंदी आहेत आणि हे यश लहान नव्हे. २०१४ च्या अखेरीस अहमदाबादच्या झायडसने अडॅलिमुमॅबचे समरूप औषध बाजारात आणल्यावर किंमत उतरली, तरी ऊसतोड मजुराच्या ऐपतीपर्यंत ती आली असे म्हणवत नाही.

या औषधांनी सुप्त क्षयरोग जागा होऊ शकतो, म्हणून क्षयाची तपासणी आधी करावी लागते. व्रणाची खरवड काचपट्टीवर घेऊन पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकणे ही स्वस्त चाचणी तर त्याहून अगत्याची. सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तंतू दिसले, तर त्या डोळ्याला जैविक औषध नव्हे, मदुराईच्या अरविंद नेत्ररुग्णालयाच्या सहभागाने झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत व्होरिकोनॅझोलपेक्षा सरस ठरलेले नॅटामायसिनचे थेंब हवे असतात.