बॅटरीवरची नेलगन घ्यायचीय? आधी खिळ्याचा नंबर बघा, कंपनी नंतर

सिल्वासा : दसरा-दिवाळी जवळ आली की फर्निचरची कामं वाढतात आणि छोट्या वर्कशॉपमध्ये एक विषय हमखास निघतो. कॉम्प्रेसरचा पाईप ओढत बसण्यापेक्षा बॅटरीवरची नेलगन घ्यावी का? सिल्वासा, वापी, तलासरी या पट्ट्यात एकच सुतार तिन्हीकडची कामं घेतो, त्यामुळे प्रश्न साधा वाटला तरी यात बरेच पैसे अडकतात.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. काम एकाच जागी, एकाच टेबलावर होत असेल आणि कॉम्प्रेसर आधीच असेल, तर बॅटरीची गन घेऊ नका. हवेवरची साधी एफ-३० गन स्वस्त पडते, हाताला हलकी असते आणि दिवसभर चालते. बॅटरीची गन बॅटरीसकट अडीच-तीन किलोच्या आसपास जाते. वरच्या कपाटाची पट्टी मारताना हा फरक खांद्याला कळतो. पण गिऱ्हाइकाच्या फ्लॅटवर जाऊन किचनची बीडिंग, दाराची पट्टी किंवा फोटोफ्रेम लावायची असेल, तर दहा खिळ्यांसाठी कॉम्प्रेसर तिसऱ्या मजल्यावर चढवणं परवडत नाही. बॅटरीची गन खरी कामाला येते ती तिथेच.

आता खिळ्याचं बघू. आपल्याकडे एफ-३० म्हणतात त्यातला ३० म्हणजे मिलिमीटरमधली लांबी. जाडी गेजमध्ये मोजतात आणि इथे हिशेब उलटा असतो : नंबर जितका मोठा, तितका खिळा बारीक. २३ गेजची पिन साधारण ०.६ मिमीची, जवळपास बिनडोक्याची. नाजूक मोल्डिंगला चांगली, पण पकड कमी. १८ गेजचा ब्रॅड साधारण सव्वा मिमीचा, म्हणजे आपल्या जुन्या चुकांचं काम करणारा. १६ गेजचा त्याहून जाड, दाराच्या चौकटीच्या पट्टीला बरा, पण भोक मोठं दिसतं आणि पुट्टी जास्त लागते. हलक्या कामासाठी एकच गन घ्यायची असेल तर १८ गेजची घ्या. लांबीचा ठोकताळा असा, की लावायच्या पट्टीच्या जाडीच्या तिप्पट खिळा हवा. ९ मिमीच्या पट्टीला २५ ते ३० मिमी पुरे. शिवाय खरी पकड फेव्हिकॉलची असते, खिळा फक्त तो सुकेपर्यंत धरून ठेवतो.

पॅकिंगच्या पेट्या, पॅलेट ही कामं या गनची नाहीत. त्यासाठी जाड खिळ्यांची मोठी गन लागते.

आतली यंत्रणा मुख्यतः तीन प्रकारची. एकात मोटर जड चाक फिरवते आणि ते चाक पात्याला धक्का देतं. चाकाला वेग येईपर्यंत क्षणभर थांबावं लागतं. दुसऱ्यात बंद सिलिंडरमधल्या दाबलेल्या हवेचा किंवा वायूचा झटका असतो, त्यामुळे ट्रिगर दाबताच खिळा जातो. तिसऱ्यात बॅटरीबरोबर गॅसची नळीही लागते. ती नळी इथे सहज मिळेल का, हे आधी विचारल्याशिवाय तिसऱ्याच्या वाटेला जाऊ नये.

कोणतीही गन निवडलीत तरी ट्रिगरकडे मात्र डोळे उघडे ठेवून बघा. काही गनमध्ये ट्रिगर दाबून धरला की टोक टेकवेल तिथे खिळा सुटतो. काम भराभर होतं, पण हातही तितकाच भराभर सापडतो. अमेरिकेत २००१ ते २००५ या काळात नेलगनच्या जखमा घेऊन वर्षाला सुमारे ३७,००० जण इमर्जन्सीत पोहोचत होते. तिथल्या कामगार सुरक्षा खात्याच्या २०११च्या मार्गदर्शिकेप्रमाणे अशा ट्रिगरने इजेचा धोका दुप्पट होतो. म्हणून आधी टोक टेकवा, मग ट्रिगर दाबा, दर खिळ्याला पुन्हा तेच, अशीच गन घ्या. दुसरा हात खिळ्यापासून फूटभर लांब ठेवा, कारण गाठीला लागून खिळा वळतो आणि बाजूने बाहेर येतो. अडकलेला खिळा काढण्याआधी बॅटरी काढा. डोळ्याला चष्मा पाहिजेच. बोटात खिळा घुसलाच तर घरी पक्कडीने ओढू नका, आत हाड किंवा शीर सापडलेली असू शकते. सिल्वासात असाल तर थेट सरकारी हॉस्पिटल गाठा, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या.

दुकानात जाताना आपल्या कामातला सागवान, प्लाय आणि एमडीएफचा एकेक तुकडा सोबत न्या आणि तिथेच मारून बघा. खिळा सागवानात पूर्ण बसतो का, एमडीएफमध्ये जास्त खोल जातो का, खोलीचं चाक नीट फिरतं का. खिळे संपल्यावर गन आपोआप थांबली पाहिजे, नाहीतर रिकाम्या ठोक्याची खूण सनमाइकावर उमटते. टोकाला रबरी टोपी आहे का तेही बघा.

बॅटरी तुमच्या ड्रिलला चालते तीच घ्या, खर्च बराच वाचतो. जाहिरातीत १८ व्होल्ट आणि २० व्होल्ट मॅक्स असे दोन आकडे दिसतात. ताकद सारखीच, २० हा पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीचा बिनभाराचा आकडा. परदेशातल्या नातेवाइकाकडून मागवणार असाल तर चार्जर तपासा : अमेरिकेतला चार्जर १२० व्होल्टचा असतो, आपल्या २३० व्होल्टच्या प्लगला लावलात तर गेलाच. इथे घेतलीत तर सिरियल नंबर असलेलं पक्कं बिल मागा आणि दुरुस्ती कुठे होते, वापीत की थेट मुंबईत, हे पैसे देण्याआधी विचारा. पावसाळ्यात खिळ्यांचं पाकीट हवाबंद डब्यात ठेवा, गंजलेली पट्टी गनमध्ये हमखास अडकते.