मुखवटा माझा, पत्ता तुझा

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद पेटला की दोन वाक्यं हमखास येतात : ‘मला बोलायचं स्वातंत्र्य आहे’ आणि ‘त्याला नावानिशी उघडा पाडा’. अनेकदा ती एकाच माणसाची असतात. त्यामागचे काही समज तपासून पाहू.

गैरसमज : टोपणनाव घेणारा भित्रा, नाहीतर लबाड.
वस्तुस्थिती : १८४८ पासून ‘प्रभाकर’ साप्ताहिकात आलेली, समाजावर कोरडे ओढणारी ‘शतपत्रे’ ‘लोकहितवादी’ या नावाने छापली गेली. लिहिणारे गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते. नाव झाकलं म्हणून त्यांचा विचार हलका ठरला नाही.

गैरसमज : नाव लपवलं की कायदा पोहोचत नाही.
वस्तुस्थिती : खातं खोट्या नावाचं असलं तरी मोबाइल क्रमांक आणि आयपी पत्त्यावरून माग काढता येतो. शिवाय ओळख लपवून धमकी दिली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१(४) नुसार मूळ शिक्षेखेरीज दोन वर्षांपर्यंत जादा कैद होऊ शकते.

गैरसमज : मला काहीही बोलता येतं, दुसऱ्याने माझ्या भावना दुखावल्या तर मात्र तो गुन्हाच.
वस्तुस्थिती : राज्यघटनेच्या कलम १९(२) मध्ये अब्रुनुकसानी, गुन्ह्याला चिथावणी अशी मोजकी बंधनं आहेत. ती दोघांनाही सारखीच लागू. ‘मला रुचलं नाही’ हे त्या यादीत नाही. २०१२ मध्ये मुंबई बंदवरच्या फेसबुक पोस्टवरून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. एकीने लिहिलं होतं, दुसरीने ते लाइक केलं होतं. तेव्हा लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवलं.

गैरसमज : ऑनलाइन आलेल्याला खासगी असं काही उरत नाही.
वस्तुस्थिती : खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितलं. कुणाच्या खासगी अवयवांचं चित्र संमतीविना पसरवलं, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ई कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि मत पटलं नाही म्हणून कुणाच्या घराचा पत्ता किंवा मुलांच्या शाळेचं नाव ग्रुपवर टाकणं, हा युक्तिवाद नव्हे. ती दमदाटी आहे.

टोपणनावाची मुभा स्वतःला हवी, तर ती समोरच्यालाही द्यावी लागते. पुढचा स्क्रीनशॉट पाठवण्याआधी त्यातल्या नावाच्या जागी स्वतःचं नाव घालून वाचा, आणि मगच ठरवा.